पेशीपटल आणि लिपिड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिपिडांची रचना शिकताना त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या नेहमीच्या शंका इथे सोप्याकडून अवघडाकडे अशा लावल्या आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नुसतं ‘पटल’ म्हटलं असेल तिथे पेशीभोवतीचं प्रद्रव्यपटल समजावं.

१. लिपिड म्हणजे चरबीच ना?

चरबी लिपिडांत मोडते, पण सगळी लिपिडं चरबी नसतात. मेण, कोलेस्टेरॉल, अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं आणि पेशीपटलातले फॉस्फोलिपिड हे सगळे याच गोतावळ्यातले. गोतावळा म्हणायचं कारण असं, की प्रथिनं जशी अमिनो आम्लांच्या साखळीने ओळखता येतात, तशी लिपिडांची एक ठरावीक रचना नाही. ती ओळखली जातात वागण्यावरून: पाण्यात विरघळत नाहीत, क्लोरोफॉर्म किंवा ईथरसारख्या द्रावकात विरघळतात. पटलाचा विचार करताना यातले तीनच गट महत्त्वाचे: ग्लिसरॉलवर बेतलेले फॉस्फोलिपिड, स्फिंगोलिपिड आणि स्टेरॉल.

२. फॉस्फोलिपिडचा रेणू नेमका कसा असतो? पुस्तकात नुसता एक गोळा आणि दोन शेपट्या काढलेल्या असतात.

मधोमध ग्लिसरॉल असतं, म्हणजे तीन कार्बनचा छोटा सांगाडा. त्याच्या दोन कार्बनना एस्टर बंधाने एकेक मेदाम्ल जोडलेलं असतं. या झाल्या शेपट्या. तिसऱ्या कार्बनवर फॉस्फेट आणि फॉस्फेटला आणखी एक छोटा गट असतो: कोलीन, इथॅनॉलअमाईन, सेरीन किंवा इनॉसिटॉल. फॉस्फेट आणि हा गट मिळून डोकं होतं, आणि रेणूचं नावही डोक्यावरूनच पडतं: फॉस्फॅटिडिलकोलीन, फॉस्फॅटिडिलसेरीन वगैरे.

मेदाम्लांत बहुधा १६ किंवा १८ कार्बन असतात. संख्या सम का, तर पेशी ही साखळी दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी वाढवत नेते. दोन शेपट्यांपैकी एक बहुधा संपृक्त असते, म्हणजे तिच्यात दुहेरी बंध नसतो. दुसरीत एक किंवा अधिक दुहेरी बंध असतात. चित्रात एक शेपटी सरळ आणि एक वाकडी दाखवतात ती यामुळे. ती चित्रकाराची लहर नव्हे. त्या बाकावर बरंच काही अवलंबून आहे (प्रश्न ८).

स्फिंगोमायलिनमध्ये ग्लिसरॉलऐवजी स्फिंगोसीन असतं आणि मेदाम्ल अमाइड बंधाने जोडलेलं असतं. बाकी एकूण ठेवण तीच: एक डोकं, दोन शेपट्या.

परीक्षेत हमखास होणारी एक चूक: ‘फॉस्फोलिपिडचं डोकं ऋणप्रभारित असतं’ असं सरसकट लिहिणं. फॉस्फॅटिडिलकोलीनच्या डोक्यावर फॉस्फेटचा ऋण आणि कोलीनचा धन असे दोन्ही प्रभार असतात, त्यामुळे एकूण बेरीज शून्य होते. फॉस्फॅटिडिलसेरीनवर मात्र एकूण ऋण प्रभार उरतो.

३. शेपट्या पाण्याला ‘घाबरतात’ म्हणजे काय? आणि या रेणूंमध्ये बंधच नसतील तर पटल टिकतं कसं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. याचं उत्तर कळलं की पुढचं निम्मं आपोआप उलगडतं.

शेपट्या पाण्याला घाबरत नाहीत आणि पाणी त्यांना ढकलूनही देत नाही. खरी गोष्ट पाण्याची आहे. पाण्याचे रेणू एकमेकांशी सतत हायड्रोजन बंध जोडत-सोडत असतात. मध्ये कार्बन-हायड्रोजनची लांब साखळी आली, की तिच्याशी असा बंध जोडता येत नाही. मग तिच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना आपसातले बंध टिकवण्यासाठी ठरावीक मांडणीत उभं राहावं लागतं आणि त्यांची मोकळीक कमी होते. शेपट्या एकत्र गोळा झाल्या, तर पाण्याला टेकणारा त्यांचा पृष्ठभाग घटतो आणि अडकून पडलेलं पाणी मोकळं होतं. एंट्रॉपी (रेणूंच्या मांडणीतली मोकळीक) वाढते ती मुख्यतः पाण्याची. शेपट्यांमधलं आपसातलं आकर्षण असतंच, पण या कामात त्याचा वाटा दुय्यम आहे.

म्हणून दुहेरी थरात शेपट्या आत, डोकी दोन्हीकडच्या पाण्याकडे अशी रचना होते. शेजारच्या दोन लिपिड रेणूंमध्ये सहसंयुज बंध (इलेक्ट्रॉन वाटून घेणारा पक्का बंध) नसतो. पटल पाण्यामुळे उभं आहे. पाणी काढून घ्या आणि क्लोरोफॉर्म घाला, तेच रेणू सुटे होऊन विरघळतात.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. सपाट थराला कडा असेल, तर त्या कडेवरच्या शेपट्या पाण्याला उघड्या पडणार. म्हणून थर कडेला कडा जुळवून बंद गोळा होतो. काचेच्या नळीत शुद्ध फॉस्फोलिपिड पाण्यात हलवले तरी पोकळ पिशव्या तयार होतात. तिथे प्रथिनं नाहीत, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) नाही, पेशीही नाही. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी अशाच पिशव्या अभ्यासल्या. त्यांनाच आपण लिपोसोम म्हणतो.

४. साबणालाही डोकं आणि शेपटी असते. मग साबणाचं पटल का होत नाही? आणि ट्रायग्लिसराइडचं?

फरक आकारात आहे. साबणाच्या रेणूला एकच शेपटी असते, त्यामुळे डोक्याकडे रुंद आणि शेपटीकडे निमुळता असा त्याचा आकार होतो. असे रेणू शेजारी शेजारी लावले की रांग वाकत जाते आणि लहान भरीव गोळा बनतो, त्याला मायसेल म्हणतात. फॉस्फोलिपिडला दोन शेपट्या असल्यामुळे तो साधारण दंडगोलासारखा असतो आणि दंडगोल सपाट थरात नीट बसतात. सगळेच फॉस्फोलिपिड मात्र इतके सरळ नाहीत. फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाईनचं डोकं लहान असल्याने तो उलट बाजूला निमुळता असतो. पटल जिथे वळतं किंवा दोन पटलं एकमेकांत मिसळतात, तिथे अशा रेणूंचा उपयोग होतो.

ट्रायग्लिसराइडची अडचण वेगळीच. ग्लिसरॉलच्या तिन्ही कार्बनवर मेदाम्लंच असल्याने पाण्याकडे तोंड करायला डोकंच उरत नाही. ते पाण्यापासून पूर्ण वेगळं होतं आणि पेशीत थेंबाच्या रूपाने साठतं. त्या थेंबाभोवतीही फॉस्फोलिपिडचं आवरण असतं, पण एकेरीच. आत पाणी नसल्याने दुसऱ्या थराची गरज पडत नाही.

५. पटलात दोनच थर आहेत हे कुणी आणि कसं शोधलं?

१९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतून लिपिड काढले आणि पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर पसरवून त्याचं क्षेत्रफळ मोजलं. सस्तन प्राण्यांच्या प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक आणि तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नसतात, म्हणजे जे काही लिपिड हाती येईल ते बाहेरच्या पटलाचंच. निवड हुशारीची होती. क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरलं, म्हणून थर दोन.

गंमत पुढे आहे. त्यांनी वापरलेल्या ॲसिटोनने सगळे लिपिड निघत नाहीत आणि वाळवलेल्या पेशींवरून काढलेला पृष्ठभागही खऱ्यापेक्षा कमी होता. दोन्ही चुका एकमेकींना छेदून गेल्या आणि उत्तर बरोबर आलं! पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटल दोन गडद रेषा आणि मध्ये फिकी पट्टी असं दिसलं. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी वाहत्या लिपिडांत प्रथिनं बसवलेली असं चित्र मांडलं. थोड्याफार दुरुस्त्यांसह आज तेच शिकवलं जातं.

६. पटलाची जाडी किती? साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतं का?

लिपिडांचा दुहेरी थर साधारण ४ ते ५ नॅनोमीटर जाड असतो आणि त्यात शेपट्यांचा गाभा सुमारे ३ नॅनोमीटरचा. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. त्यातून आपल्याला दिसते ती पेशीची कड.

७. पटल ‘द्रव’ आहे म्हणतात. मग ते वाहून का जात नाही?

द्रव आहे ते पटलाच्या पातळीत. रेणू आपल्या थरात इकडेतिकडे सरकतात, पण थर सोडून पाण्यात जात नाहीत. कारण प्रश्न ३ मध्ये आहे. भरगच्च गर्दीत माणसं एकमेकांना घासत जागा बदलत राहतात पण मैदानाबाहेर पडत नाहीत, तसंच काहीसं.

वेग ऐकून बहुतेकांना विश्वास बसत नाही. कृत्रिम थरातला लिपिड रेणू शेजाऱ्याशी सेकंदाला सुमारे १ कोटी वेळा जागेची अदलाबदल करतो आणि एका सेकंदात साधारण २ मायक्रोमीटर, म्हणजे एका मोठ्या जिवाणूच्या लांबीएवढं अंतर कापतो. जिवंत पेशीत प्रथिनांची गर्दी आणि पटलाखालच्या तंतूंची जाळी असल्याने हा वेग कमी होतो.

प्रथिनंही सरकतात. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडली. दोन्हींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं वेगवेगळ्या रंगांनी चमकतील अशी खूण केली होती. ३७ अंश सेल्सियसला सुमारे ४० मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळले. थंड तापमानात मिसळणं जवळपास थांबलं.

वरच्या थरातून खालच्या थरात उडी मारणं मात्र फार दुर्मिळ. त्यासाठी डोक्याला शेपट्यांच्या गाभ्यातून जावं लागतं. फॉस्फोलिपिडला आपोआप असं उलटायला तास, कधी दिवस लागतात. त्याचे परिणाम प्रश्न १२ मध्ये.

८. एका दुहेरी बंधाने एवढा काय फरक पडतो?

आकडेच बघा. तिन्ही मेदाम्लांत कार्बन १८ आहेत, बदलतात फक्त दुहेरी बंध. स्टिअरिक आम्लात एकही नाही: सुमारे ६९ अंश सेल्सियसला वितळतं. ओलेइक आम्लात एक: सुमारे १३ अंशांना. लिनोलेइक आम्लात दोन: शून्याखाली ५ अंशांना. निसर्गात हे बंध बहुधा सिस प्रकारचे असतात, म्हणजे बंधाच्या दोन्ही टोकांची साखळी एकाच बाजूला असते, त्यामुळे साखळीला बाक येतो आणि शेजारच्या शेपट्या चिकटून बसू शकत नाहीत. ट्रान्स बंध असेल, म्हणजे साखळी विरुद्ध बाजूंना असेल, तर दुहेरी बंध असूनही साखळी जवळपास सरळ राहते. ओलेइकचाच ट्रान्स भाऊ इलाइडिक आम्ल सुमारे ४५ अंशांना वितळतो. म्हणजे ‘असंपृक्त म्हणून मऊ’ हे अर्धंच खरं, बाक पडतो का ते पाहायचं.

थंडीत पेशी हाच खेळ खेळतात. तापमान उतरलं की ई. कोलाय हा जिवाणू पटलातल्या असंपृक्त शेपट्यांचं प्रमाण वाढवतो आणि पटलाची तरलता जवळपास कायम ठेवतो. रेनडिअरच्या पायात खुरांकडच्या, म्हणजे थंड भागातल्या पेशींच्या पटलांत असंपृक्त मेदाम्लं जास्त आढळतात. एकाच प्राण्याचा एकच पाय, पण वरून खाली पटलाची घडण बदलत जाते. हे उदाहरण मला नियम पाठ करण्यापेक्षा जास्त पटतं.

९. कोलेस्टेरॉल पटल घट्ट करतं की सैल? दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत.

दोन्ही बरोबर आहेत, पण तापमान न सांगता लिहिलेली आहेत. कोलेस्टेरॉलचा –ओएच गट डोक्यांजवळ राहतो आणि चार वलयांचा ताठ भाग शेपट्यांच्या वरच्या अर्ध्या भागाला खेटून बसतो. उबेत शेपट्या फार वळवळत असतात, तेव्हा हा ताठ भाग त्यांना आवर घालतो: पटल घट्ट होतं आणि लहान रेणूंची गळतीही कमी होते. थंडीत शेपट्या एकमेकींना चिकटून गोठू पाहतात, तेव्हा तोच भाग मध्ये अडचण बनून राहतो आणि पटल गोठू देत नाही. परीक्षेत ‘तरलतेचे टोकाचे बदल कमी करतं’ असं लिहिलं तर गुण जाणार नाहीत.

प्राण्यांच्या प्रद्रव्यपटलात फॉस्फोलिपिडच्या दर रेणूमागे जवळपास एक कोलेस्टेरॉल असू शकतं. आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीच्या आतल्या पटलांच्या जाळ्याच्या) पटलात ते बरंच कमी असतं, तंतुकणिकेच्या आतल्या पटलात अगदी नगण्य.

१०. रक्ततपासणीतलं कोलेस्टेरॉल आणि पटलातलं कोलेस्टेरॉल वेगळं असतं का?

रेणू तोच. रक्त पाणीदार असल्याने तो सुटा वाहू शकत नाही, म्हणून लिपोप्रोटीनच्या कणांतून नेला जातो. एलडीएल, एचडीएल ही या कणांची नावं आहेत, कोलेस्टेरॉलच्या प्रकारांची नव्हेत. कणाचं बाहेरचं आवरण फॉस्फोलिपिडचा एकेरी थरच असतो, प्रश्न ४ मधल्या थेंबासारखा.

११. पटलातून काय आरपार जातं आणि काय अडतं?

ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि स्टिरॉइड संप्रेरकं सहज जातात. ग्लुकोजसारखे मोठे ध्रुवीय (प्रभार असमान वाटलेले) रेणू जवळपास अडतातच, त्यांना वाहक प्रथिन लागतं. आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, तर दाराबाहेरच. सोडियमचा आयन कितीही लहान असला तरी त्याला भोवतीचं पाणी सोडून शेपट्यांच्या गाभ्यात शिरावं लागतं आणि त्याला फार ऊर्जा पडते. शुद्ध लिपिड थरातून पाणी सोडियमपेक्षा साधारण अब्जपट सहज जातं.

पाण्याबद्दल हमखास गोंधळ होतो. पाणी ध्रुवीय असूनही ते लिपिड थरातून जातं, फक्त मूत्रपिंडासारख्या ठिकाणी तेवढा वेग पुरत नाही. तिथे ॲक्वापोरिन ही पाण्याची खास प्रथिनं असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

१२. दुहेरी थराच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात ना?

नाही, आणि पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या इथेच सगळ्यात जास्त दिशाभूल करतात. प्राण्यांच्या पेशीत बाहेरच्या थरात फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिन जास्त असतात आणि साखर जोडलेले ग्लायकोलिपिड तर बाहेरच. फॉस्फॅटिडिलसेरीन आणि फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाईन मुख्यतः आतल्या बाजूला. रेणू आपोआप उलटत नाहीत (प्रश्न ७), म्हणून हा फरक टिकतो. शिवाय फ्लिपेज नावाची प्रथिनं एटीपी खर्चून फॉस्फॅटिडिलसेरीन सतत आत ओढत राहतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर दिसणं हा इशारा असतो. पेशी ठरवून मरू लागली की फ्लिपेज बंद पडतं, स्क्रॅम्ब्लेज दोन्ही थर घुसळून टाकतं, फॉस्फॅटिडिलसेरीन पृष्ठभागावर येतं आणि भक्षक पेशी तिला गिळतात. रक्तबिंबिका मात्र मरत नसतानाही हेच करतात: जखम झाल्यावर त्यांच्या पृष्ठभागावर आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरीनवर रक्त गोठवणारी प्रथिनं जमतात. स्कॉट सिंड्रोम या दुर्मिळ आजारात हे घुसळणंच बिघडलेलं असतं आणि रक्तस्राव लवकर थांबत नाही. गोठवणारी प्रथिनं ठीकठाक असतात. अडतं ते एका लिपिडाची बाजू न बदलल्यामुळे.

१३. म्हणजे लिपिड नुसतं वेष्टण नाही? मग खरं काम प्रथिनंच करतात असं का शिकवतात?

वाहतूक आणि ग्रहण ही कामं बरीचशी प्रथिनांचीच, त्यात खोटं काही नाही. पण लिपिडांना कच्चा माल समजणं चूक आहे. आतल्या थरात फॉस्फेट जोडलेलं फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल अगदी थोड्या प्रमाणात असतं. बाहेरून संप्रेरकाचा निरोप आला की फॉस्फोलिपेज सी हे विकर त्याचे दोन तुकडे करतं. एक तुकडा पेशीद्रवात जाऊन आंतर्द्रव्यजालिकेतलं कॅल्शियम सोडवतो, दुसरा पटलातच राहून प्रोटीन कायनेज सी जागं करतो. पटलातूनच सुटलेल्या ॲराकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनतात आणि ॲस्पिरिन तोच मार्ग अडवतं.

ए, बी, ओ रक्तगट ठरवणाऱ्या साखरेच्या साखळ्याही पटलातल्या लिपिडांवर आणि प्रथिनांवर असतात. पटकीचं विष आतड्याच्या पेशीला चिकटतं तेही जीएम१ या गँग्लिओसाइडला, म्हणजे एका लिपिडालाच धरून.

प्रमाणही जागेनुसार बदलतं. चेतातंतूभोवतीच्या मायलिनमध्ये कोरड्या वजनाच्या ७० टक्क्यांहून अधिक लिपिड असतं. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात उलट सुमारे तीन चतुर्थांश प्रथिनं.

१४. सगळ्या सजीवांच्या पटलात फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल असतंच का?

अपवाद भरपूर आहेत. वनस्पतींत कोलेस्टेरॉलऐवजी मुख्यतः सिटोस्टेरॉल आणि स्टिग्मास्टेरॉल, बुरशीत अर्गोस्टेरॉल. अँफोटेरिसिन बी हे औषध अर्गोस्टेरॉलला धरतं म्हणून ते बुरशीवर चालतं. कोलेस्टेरॉलशीही त्याची थोडी गाठ पडते आणि त्याच्या दुष्परिणामांचं एक कारण तेच. बहुतेक जिवाणूंत स्टेरॉल नसतात. मायकोप्लाझ्मा मात्र ते यजमानाकडून उचलतो. हरितलवकातल्या थायलाकॉइड पटलात फॉस्फेट नसलेले गॅलॅक्टोलिपिड जास्त असतात.

सगळ्यात वेगळे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले एकपेशीय सजीव. त्यांच्या शेपट्या मेदाम्लांच्या नसून शाखा असलेल्या आयसोप्रेनॉइड साखळ्यांच्या असतात आणि एस्टरऐवजी ईथर बंधाने जोडलेल्या असतात. काहींत तर एकच लांब रेणू पटलाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो आणि त्याला दोन्ही टोकांना डोकी असतात. म्हणजे ‘पटल नेहमी दुहेरी थराचं’ हे विधानही पूर्ण खरं नाही. गरम झऱ्यांत राहणाऱ्या आर्कियांना हा एकेरी थर उपयोगी पडतो, कारण त्याचे दोन पदर सुटे होण्याचा प्रश्नच येत नाही.

१५. लिपिड राफ्ट खरे असतात की नाही?

१९९७ मध्ये सिमन्स आणि इकोनेन यांनी मांडलेली कल्पना अशी: स्फिंगोलिपिड आणि कोलेस्टेरॉल मिळून पटलात थोडे दाट तुकडे बनवतात आणि काही प्रथिनं त्यांवर गोळा होतात. कृत्रिम पटलात असे वेगळे भाग स्पष्ट दिसतात. जिवंत पेशीत ते फार लहान आणि क्षणिक असल्याने वाद बराच झाला. सुरुवातीचे पुष्कळ पुरावे थंड डिटर्जंटमध्ये न विरघळणाऱ्या अंशावरून काढलेले होते, आणि डिटर्जंट स्वतःच असे गट बनवू शकतो. माझं मत: पटल सगळीकडे एकसारखं नाही हे पक्कं समजावं, पण तराफ्यांचं ठसठशीत चित्र डोळ्यांसमोर आणू नये.

१६. पटलाला भोक पडलं तर पेशी लगेच मरते का?

लहान भोक लिपिड स्वतःच बुजवतात. उघडी कड त्यांना परवडत नाही (प्रश्न ३). मोठी फाट पडली तर बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि त्या इशाऱ्यावर आतल्या पिशव्या फाटीकडे जाऊन पटलाला जुळतात. रेणूंचा आकारच बिघडवला तर मात्र कठीण. अनेक सापांच्या विषातलं फॉस्फोलिपेज ए२ फॉस्फोलिपिडची एक शेपटी तोडतं. उरलेला एकशेपटी रेणू साबणासारखा वागतो (प्रश्न ४) आणि तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात.

१७. लसींमधले लिपिड नॅनोकण म्हणजे छोट्या पेशीच का?

नाही, आणि ते लिपोसोमही नाहीत. लिपोसोममध्ये दुहेरी थराच्या आत पाणी असतं आणि औषध त्यात किंवा थरात भरतात. १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं डॉक्सिल हे कर्करोगावरचं औषध तसं आहे. एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू) असलेल्या लसींतल्या नॅनोकणाचा गाभा बराचसा लिपिडांनीच भरलेला असतो आणि एमआरएनए त्यांत गुंडाळलेलं असतं. घटक चार: आयनीकरण होऊ शकणारं लिपिड, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडलेलं लिपिड. पहिल्या घटकावर रक्तात जवळपास प्रभार नसतो. पेशीने कण गिळल्यावर एंडोसोममधल्या (गिळलेला माल ठेवणाऱ्या आतल्या पिशवीतल्या) आम्लात त्यावर धन प्रभार येतो, मग तो एंडोसोमच्या पटलातल्या ऋणप्रभारित लिपिडांशी जुळून ते पटल विस्कटतो आणि एमआरएनए पेशीद्रवात सुटतं. असा कण वापरणारं पॅटिसिरान हे औषध २०१८ मध्येच, म्हणजे कोविडच्या लसींआधी मंजूर झालं होतं.